तेहतीस अनारसे

आबांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "इथं चपला बाहेर काढायच्या असतात काय?"

मी खाली पाहिलं. फरशीवर चुरगाळलेले कागदी रुमाल, ऑलिव्हच्या बिया, दात कोरायच्या काड्या आणि न लागलेली लॉटरीची तिकिटं पडली होती. स्पेनमधल्या गल्लीतल्या टॅव्हर्नमध्ये जमीन हीच कचरापेटी असते. खाली केर जितका जास्त, तितकी जागा चांगली असं मानतात. त्या हिशोबाने ही जागा फारच चांगली होती.

"नको," मी म्हणालो. "इथे चपला काढूच नका."

"बरं झालं," आबा म्हणाले. "पाय सुजलेत. काढल्या तर परत जायच्या नाहीत."

आबा म्हणजे माझे सासरे. पेठवडगावात त्यांचा मंडपाचा धंदा. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांच्या कापडाखाली लागली, त्यात आमचंही एक. पोटच्या मुलीच्या लग्नात हा माणूस मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत मंडपाचा एक खांब धरून उभा होता, कारण त्याची खुंटी ढिली आहे असा त्यांना संशय होता. सगळ्या फोटोंत ते खांबासकट आहेत. फोटोग्राफरने नंतर खांब काढून टाकायचा प्रयत्न केला, तर आबा हवेला धरून उभे असल्यासारखे दिसायला लागले. मग राहू दिला.

तर ते आता एका टूरबरोबर युरोप बघायला आले होते. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या. त्यांच्या वतीने डबा आला होता. टूर आम्ही राहतो त्या ग्रनाडाला पोचली होती आणि दुपार मोकळी होती. बाकीची मंडळी हॉटेलात पडदे ओढून झोपली होती. आबांनी झोप सोडून रिक्षा शोधली, ती मिळाली नाही म्हणून टॅक्सी केली, आणि जावयाबरोबर जेवायला आले. लेक परिषदेला बाहेरगावी गेली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

शलाका परिषदेला गेली नव्हती. ती मागच्या हिवाळ्यात नवी नोकरी घेऊन रॉटरडॅमला गेली होती आणि आम्ही घटस्फोट घेत होतो.

यात कुणाचीच काही खास चूक नव्हती. भांडण तर झालंच नाही. भांडायला दोघांनी एकाच वेळी जागं असावं लागतं. मी एका कंपनीचे कॉम्प्युटर रात्रभर राखायचो, ती दिवसा प्रयोगशाळेत जायची. आमच्या घरी एक गादी होती आणि ती दोन पाळ्यांत चालायची. मी निजायला आलो की उशी गरम असायची. एका रविवारी चुकून दोघंही जागे होतो. समोरासमोर बसून चहा घेतला आणि लक्षात आलं की आपण दमलोय, आणि दुसऱ्याला हे सांगायचंही जिवावर आलंय.

राहता राहिला एकच प्रश्न : आबांना कोण सांगणार? आम्ही फोनवर छापा-काटा केला. नाणं तिने तिकडे रॉटरडॅमला उडवलं. मी छापा मागितला. ती म्हणाली, काटा पडला. मला काही दिसलं नाही. आमच्या संसारात आंधळा विश्वास असा कधी नव्हता, तो शेवटी शेवटी आला.

म्हणून मी रात्रपाळी संपवून, न झोपता, आबांसमोर बसलो होतो. आणि मला घाई होती. कारण तो अधिक महिना होता, आणि डब्यात काय आहे हे मला ठाऊक होतं. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे वाण देतात. दिवा लावायचा, कुंकू लावायचं, जावयाच्या हातात द्यायचे. सासूबाईंनी फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं, कुठे उभं राहायचं ते सुद्धा. जो माणूस पुढच्या महिन्यात जावई असणार नाही, त्याने ते तेहतीस अनारसे घेणं म्हणजे सरळ फसवणूक. त्यामुळे डबा माझ्या हातात यायच्या आत सांगायचं, एवढंच मी ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. 'आबा, मला एक बोलायचंय.' त्याच्या पुढचं तयार नव्हतं.

टॅव्हर्नचा मालक एव्हारिस्तो टेबलाशी आला. हा जाडा, घामेजलेला, जन्मापासून झोप अपुरी राहिल्यासारखा माणूस. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पाहुणे मांस, मासे, अंडी खात नाहीत. त्याने विचारलं होतं, "हॅम?" मी म्हणालो, हॅम हे मांसच असतं. त्याने खांदे उडवले. या बाबतीत त्याचं मत वेगळं असावं.

आबांनी लिंबाचं सरबत मागवलं, मी बिअर मागवायची हिंमत न झाल्याने तेच. ग्रनाडाची पद्धत अशी की पेय मागवलं की सोबत एक ताटली येते. काय खायचं ते तुम्ही सांगत नाही, मालक ठरवतो. आमची ताटली आली. तळलेली वांगी, वर उसाची काकवी.

"हे आपण मागवलं नव्हतं," आबा म्हणाले.

"हे असंच देतात, आबा. पैसे नाही घेत."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. आलो म्हणून."

आबांनी यावर विचार केला. मग एक काप खाल्ला. मग दुसरा. "वांग्याचे काप आणि काकवी," ते म्हणाले. "आपल्याकडं दोन्ही हाय, पण कुणाला सुचलं नाही."

ताटली रिकामी झाली. एव्हारिस्तो ती उचलायला आला. आबांनी तिच्यावर पंजा ठेवला आणि मला म्हणाले, "जरा थांबायला सांगा त्यांना, सारंगराव."

त्यांनी डबा उघडला. तुपाचा आणि गुळाचा वास त्या तळणाच्या वासात घुसला. वरचा एक अनारसा अलगद उचलून त्यांनी ताटलीत ठेवला आणि ताटली एव्हारिस्तोपुढे केली.

"रिकामं भांडं परत करायचं नसतं," ते म्हणाले. "सांगा की."

मी सांगितलं की आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. एव्हारिस्तोने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मग धुता कधी?" त्याने विचारलं.

हे मी आबांना सांगितलं नाही. माझं लक्ष डब्याकडे होतं. तेहतिसातला एक गेला होता. बत्तीस अनारशांचं वाण नसतं. मी म्हणालो, "आबा, ते मोजून दिलेले असतील ना?"

"असतील," आबा म्हणाले.

मी पुढे झुकलो. "आबा, मला एक—"

स्वयंपाकघरातून बाईच्या आवाजात मोठ्याने काहीतरी ऐकू आलं, मग शांतता, मग कुरकुर असा अनारसा मोडल्याचा आवाज. एव्हारिस्तो बाहेर आला तो हातात नवी ताटली घेऊन. हरभरे आणि पालक. सरबताचे पेले अजून अर्धे भरलेले होते.

"हे कशाबद्दल?" आबांनी विचारलं.

मी एव्हारिस्तोला विचारलं. तो म्हणाला, त्या गोड चकतीबद्दल. त्याची बायको पिलार म्हणते की या टॅव्हर्नने आजवर कुणाचं फुकट खाल्लेलं नाही.

आता इथे माझं चुकलं म्हणायचं तर इतकंच, की दोन्हीकडचं मी प्रामाणिकपणे भाषांतर करत होतो. आबांनी उसळ संपवली, 'चांगली मुरली आहे' म्हणाले, आणि ताटलीत अनारसा ठेवला. या वेळी दोन. एव्हारिस्तो आत गेला आणि भाजलेल्या मिरच्या घेऊन आला. मिरच्या संपल्या, अनारसे गेले. चीज आलं. चीज संपलं, अनारसे गेले. दोघांपैकी कुणालाही थांबायचं होतं अशातला भाग नाही. पण आधी थांबायचं कुणी, हा प्रश्न होता. एकाच्या घरी पाहुण्याला उपाशी उठू देत नाहीत, दुसऱ्याच्या घरी भांडं रिकामं पाठवत नाहीत. अशी दोन घरं समोरासमोर आली की मधल्या माणसाचं पोट बिघडतं. मधला माणूस मी होतो.

मी दर ताटलीला एकदा "आबा, मला एक बोलायचंय" म्हणायचो. ते "बोला की" म्हणायचे. आणि मग मी त्या ताटलीबद्दल बोलायचो. मिरच्यांबद्दल तर मी बरंच बोललो. मिरची इथे अमेरिकेतून आली, आणि आपल्याकडेही तिथूनच, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. ते दमलेले दिसत होते. टूरबद्दल विचारलं तर म्हणाले, रोज एक चर्च असतं. उतरायचं, वर बघायचं, मान दुखली की परत बसमध्ये चढायचं. इतक्या उंच छताला मधे एकही खांब नाही, हे मात्र त्यांना आवडलं होतं. पण ते उतरवत कसे असतील, या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती.

कोपऱ्यात चार म्हातारे डॉमिनो खेळत होते. त्यांना वास लागला. त्यांतला एक उठून आला, डब्यात डोकावला आणि जाळी पडलेल्या अनारशाला बोट लावून म्हणाला, हे विणतात की तळतात? आबांनी त्याच्या हातावर एक ठेवला. मग उरलेल्या तिघांसाठी तीन. थोड्या वेळाने त्यांच्या टेबलावरून आमच्याकडे खारे बदाम आले. आता लढाई दोन आघाड्यांवर सुरू झाली.

मला मनातून बरं वाटायला लागलं होतं, हे खरं. वाण माझ्या हातात येण्याऐवजी चार स्पॅनिश म्हाताऱ्यांच्या पोटात चाललं होतं. निम्म्याहून जास्त डबा गेला होता. या गतीने मला काही घ्यावंही लागणार नव्हतं आणि कदाचित काही सांगावंही लागणार नव्हतं. मग लक्षात आलं की हा माणूस इतक्या लांबून, बायकोने केलेले अनारसे मांडीवर धरून आला आहे, आणि मला त्यातला एकही पुढे करत नाहीये. मोजलेले आहेत हे माहीत असून बाकी सगळ्यांना वाटतोय. मला एकदाही नाही.

बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. डब्यात वर दिसायला आता एकही अनारसा नव्हता. टॅव्हर्न दुपारची बंद व्हायची वेळ उलटून गेली होती. एव्हारिस्तोने शटर अर्ध्यावर ओढलं, पण आम्हाला उठवलं नाही. डॉमिनोवाल्यांतले दोघं बसल्या जागी झोपले होते. पिलार स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन पाय वर करून बसली होती. पंखा फिरत होता. सगळी खोली एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखी गप्प होती. माझे डोळे मिटत होते. मी ते उघडले, आणि तसंच, झोपेतच बोलल्यासारखं बोललो.

"आबा, शलाका परिषदेला गेलेली नाही."

"हं," आबा म्हणाले.

"ती रॉटरडॅमला असते. आम्ही वेगळे होतोय."

आबांनी समोरच्या ताटलीतली बदामाची सालं गोळा करून एका बाजूला केली.

"तिच्या मागच्या खिडकीत दर व्हिडिओ फोनला पाऊस असतोय," ते म्हणाले. "आमचा गाईड म्हणाला, इकडं महिनाभर थेंब नाही. मी बसमधनं बघत आलो. झाडंसुद्धा पांढरी पडलीत."

"मग आल्या आल्या का नाही विचारलंत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही मिरच्यांचं सांगायला लागलात."

मी इतका वेळ ज्या वाक्याला घाबरत होतो, ते बोलून झालं होतं, आणि काहीच पडलं-झडलं नव्हतं. नुसता पंखा फिरत होता. मी विचारलं, "आईंना?"

"तिला नाही माहीत. तिनं तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाळवले, कुटले. गुडघे धरून स्टोव्हपुढं बसली. कसं सांगू?" त्यांनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे परत नेले असते तर दारातच कळलं असतं तिला. तुमच्या हातात वाण म्हणून दिले असते तर ते खोटं झालं असतं. फेकायचे म्हटले तर अन्न. त्या बसमध्ये बसल्यापासनं हाच विचार चाललेला, यांचं करायचं काय." त्यांनी खोलीभर नजर फिरवली, झोपलेल्या म्हाताऱ्यांवरून, स्टुलावरच्या पिलारवरून. "आता खाल्ले गेले. चांगल्या माणसांनी खाल्ले. घरी गेल्यावर तिला समोर बसून सांगीन. फोनवर सांगायची गोष्ट नव्हे ती."

"मी सांगू का?"

"नको. तुम्ही परत मिरच्यांचं सांगाल."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यात विचित्र झालं, म्हणून मी रुमाल काढून नाक पुसलं आणि इथल्या पद्धतीप्रमाणे तो खाली टाकला. आबा मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. बराच वेळ.

"त्या खांबाची खुंटी ढिली नव्हती," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"तुमच्या लग्नातल्या. मीच ठोकलेली. ढिली कशी असंल? पोरगी निघाली होती. हाताला धरायला काय तरी पाहिजे होतं."

एव्हारिस्तो आला. या वेळी त्याच्या हातात ताटली नव्हती. त्याने मला विचारलं, म्हाताऱ्यांना काही हवंय का, की त्यांना आता झोपू द्यायचं. हे त्याने आबांबद्दल विचारलं की डॉमिनोवाल्यांबद्दल, कळलं नाही. मी म्हणालो, झालं. त्याने टेबल पुसलं आणि डबा उचलला.

"थांबा," आबा त्याला मराठीतच म्हणाले, आणि तो थांबला.

त्यांनी डब्यात हात घातला. तळाच्या कागदाखाली एक अनारसा होता, कागदात वेगळा गुंडाळलेला. कडेला थोडा मोडला होता.

"शलाकाची आई नेहमी एक जास्तीचा टाकते," ते म्हणाले. "वाटेत एखादा मोडला तर तेहतीस भरावेत म्हणून. हा मोजणीतला नाही. हा वाणाचा नाही."

टेबल नुकतंच पुसलेलं होतं, ताटली नव्हती. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

"खा, सारंग," ते म्हणाले.

लग्न ठरल्या दिवसापासून मी सारंगराव होतो. त्यांच्या घरी मला कुणी नावाने हाक मारलेली नव्हती. माझ्यामागे तो 'राव' सतत असायचा, जेवताना पाट घेऊन, आंघोळीला जाताना टॉवेल घेऊन. आता तो नव्हता. मी अनारसा खाल्ला. त्याचा चुरा माझ्या शर्टावर सांडला. आबांनी हात पुढे करून खसखशीचे दाणे झटकले, जसे एखाद्या पोराच्या अंगावरचे झटकतात, आणि मग जांभई दिली.

आम्ही उठलो तेव्हा एव्हारिस्तोने डबा परत आणून दिला. तो जड होता. आत गच्च बदाम भरले होते, मीठ लावून भाजलेले.

"रिकामं देत नाहीत ना," तो मला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच, दिवसभरातलं एक काम नीट झाल्याचं समाधान होतं.

मी आबांना भाषांतर करायला लागलो. त्यांनी हात केला. "कळलं," ते म्हणाले.

शटरखालून वाकून आम्ही बाहेर आलो. टॅक्सीपर्यंत ते डबा छातीशी धरून चालले आणि मी माझी सावली त्यांच्यावर पडेल अशा बाजूने. बोलायला खरं तर बरंच होतं, पण दोघांना झोप आली होती.

त्यानंतर अधिक महिना दोनदा आला. दोन्ही वेळा पेठवडगावहून माझ्या पत्त्यावर एक छोटं खोकं आलं. पत्ता आबांच्या अक्षरात नव्हता, शलाकाच्या आईच्या अक्षरात होता. आत भरपूर कापूस आणि कापसात एक अनारसा. एकच. एकदा तो कस्टमवाल्यांनी उघडून पाहिला होता, जाळीतून काही पळून तर गेलं नाही ना, हे बघायला असावं. दोन्ही वेळा कडेला मोडलेला.

परत पाठवायच्या आधी खोकं मी एव्हारिस्तोकडे घेऊन जातो. तो काही विचारत नाही. आत जातो आणि भरून आणतो.